स्फोट विझण्याआधी दुर्बीण वळली पाहिजे

९ ऑक्टोबर २०२२. रविवार, कोजागरी पौर्णिमा. संध्याकाळी ६ वाजून ४७ मिनिटांनी शिरूर तालुक्यातल्या कोरेगाव भीमावर, जवळजवळ डोक्यावरून, आजवर नोंदला गेलेला सर्वांत तेजस्वी गॅमा किरण स्फोट कोसळला. हे गणित कुणालाही करून पाहता येईल. स्फोटाची क्रांती उत्तर १९ अंश ४६ कला, कोरेगाव भीमाचा अक्षांश सुमारे १८ अंश ४० कला. त्या घडीला आकाशाचा तो भाग याम्योत्तर वृत्त ओलांडून जेमतेम पंधराएक मिनिटे झाली होती. म्हणजे अभिजित आणि श्रवण यांच्या मधला तो ठिपका गावाच्या खमध्यापासून चारेक अंशांच्या आतच होता. सूर्य मावळून अर्धा तास झालेला, पूर्वेला चंद्र वर आलेला, नगर रस्त्यावर नेहमीची वर्दळ.

कुणाला काहीच दिसले नाही, जाणवले नाही. गॅमा किरण हवेच्या वरच्या थरांतच शोषले जातात, म्हणून तर आपण सुखरूप आहोत. पण त्या किरणांनी पृथ्वीभोवतीचा आयनांबर हलवला. युरोपात अतिदीर्घ लहरींचे रेडिओ संदेश ऐकणाऱ्या उपकरणांत तो धक्का उमटला, आणि चीन व इटली यांच्या एका उपग्रहाने सुमारे ५०० किलोमीटर उंचीवर विद्युत क्षेत्रातला बदल टिपला. ज्या ताऱ्याच्या मृत्यूमुळे हे घडले, त्याचा प्रकाश सुमारे १९० कोटी वर्षे प्रवास करून आला होता.

अशा स्फोटाचा साध्या, डोळ्यांना दिसू शकणाऱ्या प्रकाशातला भाग पकडायचा कसा, हा या लेखाचा विषय. हे काम आज बहुतांशी माणसे करत नाहीत, यंत्रचलित दुर्बिणी करतात. तसे का, आणि ते नेमके कसे चालते, हे टप्प्याटप्प्याने पाहू. या साखळीतले बरेच दुवे आपल्या पुणे जिल्ह्यात आणि मुंबईत आहेत. ते नकाशावर एकत्र ठेवून पाहिले की मला फार आनंद होतो.

आधी थोडा इतिहास, कारण अडचण त्यातूनच समजते. अमेरिकेने अणुचाचण्यांवर पाळत ठेवायला सोडलेल्या व्हेला उपग्रहांनी २ जुलै १९६७ रोजी गॅमा किरणांचा एक झोत नोंदवला. तो पृथ्वीवरून आलेला नव्हता. १९७३ साली ही माहिती जाहीर झाली. पुढची जवळपास पंचवीस वर्षे खगोलशास्त्रज्ञांना हे स्फोट शेजारी होतात की विश्वाच्या टोकाला, एवढेही सांगता येत नव्हते. १९९१ ते २००० या काळात कॉम्प्टन वेधशाळेवरच्या बॅट्सी या उपकरणाने २,७०४ स्फोट मोजले. ते आकाशात सगळीकडे सारखे विखुरलेले निघाले, आकाशगंगेच्या पट्ट्यात दाटलेले नव्हते. ते फार दूरचे असावेत हे त्यावरून सुचत होते, पण पुरावा हवा होता.

अडचण गॅमा किरणांच्या स्वभावात आहे. त्यांना भिंगाने किंवा साध्या आरशाने एकत्र आणता येत नाही, त्यामुळे ते कुठून आले हे नेमके कळत नाही. दृश्य प्रकाशाचे तसे नाही. तो सापडला की जागा कलेच्याही छोट्या भागापर्यंत पक्की होते, तिथली दीर्घिका दिसते, वर्णपट घेता येतो आणि वर्णपटातल्या रेषा तांबड्याकडे किती सरकल्या आहेत, म्हणजे ताम्रसृती किती आहे, त्यावरून अंतर काढता येते. १९९७ साली इटली आणि नेदरलँड्सच्या बेप्पोसॅक्स उपग्रहामुळे पहिल्यांदा स्फोटामागे उरणारी झळाळी, म्हणजे आफ्टरग्लो, सापडली. त्याच वर्षी मे महिन्यातल्या स्फोटाचा वर्णपट हवाईतल्या केक दुर्बिणीने घेतला आणि स्फोट आपल्या दीर्घिकेच्या फार फार बाहेरचा आहे हे सिद्ध झाले. त्या चमूत श्रीनिवास कुलकर्णी होते, १९५६ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडला जन्मलेले. पुढे कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेतली ६० इंची जुनी दुर्बीण अशा स्फोटांच्या मागे आपोआप धावावी म्हणून तिचे यांत्रिकीकरण झाले, त्या कामातही ते होते.

आता मुख्य मुद्दा. हे स्फोट दोन जातींचे. दोन सेकंदांपेक्षा जास्त चालणारे बहुतेक स्फोट प्रचंड ताऱ्याचा गाभा कोसळून कृष्णविवर बनताना होतात. दोन सेकंदांच्या आत संपणारे बहुधा दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्याने होतात. दोन्हींत प्रकाशाच्या वेगाच्या अगदी जवळ जाणारा पदार्थाचा झोत सुटतो. झोत आजूबाजूच्या वायूत घुसला की वायू तापतो, चमकतो, आणि झोत मंदावत जातो तशी चमक उतरते. ती उतरते कशी, ते आकड्यांत पाहणे बरे. ढोबळ नियम असा की वेळ दहापट झाला की तेज सुमारे दहावा हिस्सा उरते, म्हणजे ताऱ्यांच्या प्रतीच्या मापात अडीच प्रतींनी उतरते; प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका ठिपका मंद. समजा एका मिनिटाला चमक १४ व्या प्रतीची आहे. दहाव्या मिनिटाला ती १६.५, शंभराव्या मिनिटाला १९ आणि हजाराव्या मिनिटाला, म्हणजे सुमारे पावणेसतरा तासांनी, २१.५. सत्तर सेंटिमीटर आरशाची दुर्बीण पाच मिनिटांच्या एक्स्पोजरमध्ये साधारण २०.५ पर्यंत पोचते. याचा अर्थ पहिल्या काही तासांत ही लहानशी दुर्बीण पुरेशी असते आणि दुसऱ्या दिवशी जगातल्या मोठ्या दुर्बिणींची मनधरणी करावी लागते.

उशीर झाला तर नुसते तेज कमी होते असेही नाही, काही गोष्टी कायमच्या हातच्या जातात. पहिल्या मिनिटांतच झोत वायूवर आपटून एक उलटी धक्कालहर झोतातच मागे शिरते आणि क्षणभर लखलखते. चमक शिखरावर कधी पोचली त्यावरून झोताचा वेग काढता येतो. त्या मिनिटांतला प्रकाश ध्रुवित आहे का, यावरून झोतात चुंबकीय क्षेत्र किती शिस्तीत गुंडाळलेले आहे ते कळते. अर्ध्या तासाने आलेल्याला यातले काही मिळत नाही.

माणूस कितीही तत्पर असो, झोपेतून उठून, संगणक उघडून, खात्री करून, दुर्बीण वळवायला अर्धा तास सहज जातो. म्हणून माणसाला मधून काढणे भाग होते. नासाच्या गोडार्ड केंद्रातल्या स्कॉट बार्थेल्मी यांनी उपग्रहाने पाहिलेल्या स्फोटाचे सहनिर्देशक काही सेकंदांत इंटरनेटवरून दुर्बिणींना पाठवणारी यंत्रणा उभारली. तीच पुढे जीसीएन या नावाने सगळ्या जगाची घंटा झाली. घंटा कुणी ऐकायची याला बंधन नाही, ती सर्वांसाठी खुली आहे.

तिचा पहिला मोठा विजय २३ जानेवारी १९९९ चा. न्यू मेक्सिकोतल्या लॉस अलामॉसला कार्ल अकरलॉफ यांच्या गटाचे रोट्सी नावाचे उपकरण होते. दुर्बीण म्हणावी असे त्यात काही नव्हते. कॅननच्या २०० मिलिमीटरच्या चार कॅमेरा लेन्स एकाच चौकटीवर बसवलेल्या, मागे सीसीडी कॅमेरे, आणि आकाशात कुठूनही कुठेही तीनेक सेकंदांत वळणारी बैठक. बॅट्सीचा निरोप आला, यंत्र वळले, आणि स्फोट सुरू झाल्यापासून २२ सेकंदांनी पहिले चित्र सुरू झाले. शिखर नवव्या प्रतीच्या जरा वरचे निघाले. साध्या द्विनेत्रीतून दिसेल इतके तेज, आणि ते आले होते दीर्घिकांच्या पलीकडून दीर्घिका ओलांडत, १.६ ताम्रसृतीवरून. हे चित्र एकाही माणसाने कळ न दाबता निघाले. त्या घटनेकडे मी या क्षेत्रातला खरा उंबरठा म्हणून पाहतो. मोठा आरसा नंतर मिळवता येतो, गेलेले मिनिट मिळवता येत नाही, हे त्या चार लेन्सनी दाखवून दिले.

भारतात ही कल्पना प्रत्यक्षात उतरली ती ग्रोथ-इंडिया दुर्बिणीत. लडाखमध्ये हानले इथे, सुमारे ४,५०० मीटर उंचीवर, भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या वेधशाळेत ती उभी आहे. ती चालवण्यात या संस्थेसोबत मुंबईची आयआयटी आहे. आयआयटीतले वरुण भालेराव आणि त्यांचे विद्यार्थी तिच्या मागे आहेत. आरसा ७० सेंटिमीटरचा, पहिला प्रकाश जून २०१८ मध्ये. संशोधनासाठीची भारतातली ही पहिली पूर्ण यंत्रचलित दृश्य-प्रकाश दुर्बीण.

दुरून चालवलेली आणि यंत्रचलित या दोन गोष्टींत गल्लत होते, ती इथे दूर करू. आंबेगाव तालुक्यात घोडेगावजवळ आयुकाची गिरवली वेधशाळा आहे, तिथल्या दोन मीटर दुर्बिणीजवळ रात्री निरीक्षक बसतो. हानलेचीच दोन मीटरची चंद्रा दुर्बीण बंगळुरूजवळच्या होसकोटे इथून उपग्रहाच्या दुव्यावरून चालवतात. तिथे निरीक्षक दूर आहे, पण जागा आहे आणि निर्णय त्याचाच आहे. ग्रोथ-इंडियासारख्या यंत्रचलित दुर्बिणीचा निर्णय यंत्र घेते. गंमत अशी की गिरवलीची दुर्बीण ज्या ब्रिटिश कंपनीने बांधली, तिनेच कॅनरी बेटांवरची लिव्हरपूल दुर्बीण बांधली. ती पूर्ण यंत्रचलित आहे आणि २ जानेवारी २००९ च्या स्फोटाच्या प्रकाशातले सुमारे १० टक्के ध्रुवण तिनेच अडीच-पावणेतीन मिनिटांत मोजून दाखवले. आपल्या जिल्ह्यातल्या दुर्बिणीची ती सख्खी बहीण.

अशा यंत्राची एक रात्र जवळून पाहू. संध्याकाळी हवामान केंद्राचे आकडे तपासले जातात. वारा फार असेल, आर्द्रता चढली असेल किंवा बर्फ असेल तर घुमट उघडत नाही. संधिप्रकाशात सारख्या उजळ आकाशाची चित्रे घेतात, त्यांना ‘फ्लॅट’ म्हणतात. कॅमेऱ्यावर कुठे धूळ बसली आहे, कडेला प्रकाश किती कमी पोचतो, ते या चित्रांवरून कळते आणि पुढच्या प्रत्येक चित्राला त्यांनी भागून तो दोष काढतात. कॅमेरा चांगला थंड ठेवतात, नाहीतर त्याच्या स्वतःच्या उष्णतेचे ठिपके ताऱ्यांत मिसळतात. मग रात्रभराची यादी सुरू होते. अतिनवतारे, धूमकेतू, लघुग्रह, जे ठरले असेल ते.

मध्येच घंटा वाजते. समजा स्विफ्ट उपग्रहाने स्फोट पाहिला. २००४ साली सोडलेल्या या उपग्रहाने गॅमा किरणांना दिशा देण्याची युक्ती वापरली आहे: वर शिशाच्या हजारो तुकड्यांचा विस्कळीत नक्षीचा मुखवटा, खाली ३२,७६८ छोटे शोधक. स्फोटाचे किरण मुखवट्याची सावली खाली टाकतात, आणि सावली किती सरकली त्यावरून दिशा निघते, काही कलांइतक्या अचूकतेने. मग उपग्रह स्वतःच वळतो आणि आपल्या क्ष-किरण दुर्बिणीने जागा आणखी पक्की करतो. हानलेच्या संगणकाला सहनिर्देशक मिळाले की तो पुढचे प्रश्न विचारतो. ती जागा आत्ता क्षितिजाच्या पुरेशी वर आहे का? सूर्य पुरेसा खाली आहे का? चंद्र अगदी शेजारी तर नाही ना? तिथे आधीच माहीत असलेला एखादा क्ष-किरण तारा तर नाही? चालू असलेले चित्र टाकून देण्याइतके हे महत्त्वाचे आहे का? उत्तरे अनुकूल आली की चालू चित्र सोडून दुर्बीण वळते, घुमट तिच्याबरोबर फिरतो, आणि आधी छोटे, मग लांब असे एक्स्पोजर सुरू होतात. जागा उगवलेली नसेल तर ती कधी उगवेल ते काढून काम यादीत टाकले जाते.

चित्र आले, पुढे काय? त्यात हजारो ठिपके असतात. त्याच जागेचे जुने चित्र घेऊन, दोन्ही चित्रांतल्या ताऱ्यांचा पसरटपणा सारखा करून, एकातून दुसरे वजा करतात. जे जुने ते पुसले जाते, नवे तेवढे उरते. तरी उरलेले सगळे खरे नसते. वैश्विक किरण कॅमेऱ्यावर आदळून ठिपका पाडतात, तेजस्वी ताऱ्याची वजाबाकी नीट होत नाही, आणि लघुग्रह तर सदाचे. लघुग्रहांची ज्ञात यादी तपासतात आणि काही वेळाने पुन्हा चित्र घेतात. लघुग्रह तोवर सरकलेला असतो. आफ्टरग्लो तिथेच असतो आणि मंदावलेला असतो. इथे माणूस पुन्हा येतो. उमेदवार ठिपका पाहून तो जगाला सूचना धाडतो, आणि ज्यांच्याकडे वर्णपटमापक आहे ते कामाला लागतात.

स्विफ्टचे सोपे. २००८ पासून फिरणाऱ्या फर्मी उपग्रहाचे स्फोट जास्त, पण पत्ता ढोबळ. त्यावरचे बारा सोडियम आयोडाइड शोधक वेगवेगळ्या दिशांना तोंड करून बसलेत, कुणाला किती किरण लागले यावरून दिशेचा अंदाज बांधतात. चूक सहज पाच अंशांची. शिरूर-जुन्नर पट्ट्यातल्या माणसाला हे पटकन कळेल: स्विफ्ट सांगतो बिबट्या उसाच्या अमुक सरीत आहे, फर्मी सांगतो अमुक गावाच्या शिवारात आहे. पाच अंश त्रिज्येचे वर्तुळ म्हणजे सुमारे ७८ चौरस अंश. ग्रोथ-इंडियाच्या एका चित्रात साधारण अर्धा चौरस अंश मावतो. म्हणजे दीडशेहून जास्त चित्रे, पाच-पाच मिनिटांची, तेरा तास. रात्र संपेल. अशा वेळी पालोमारच्या झ्विकी यंत्रणेसारखे, एका चित्रात ४७ चौरस अंश घेणारे डोळे शोध घेतात, आणि लहान दुर्बीण सापडलेल्या उमेदवारांचा पाठलाग करते. ही कामाची वाटणी मला फार शहाणपणाची वाटते.

वाटणीला दुसरे कारण पृथ्वीचे फिरणे. पालोमार आणि हानले यांच्या रेखांशांत सुमारे १९६ अंशांचे अंतर आहे, म्हणजे तेरा तास. तिथे उजाडले की इथे अंधार. हानलेच्या पश्चिमेला कॅनरी बेटे, पूर्वेला जपान आणि ऑस्ट्रेलिया, मधली मोठी पोकळी भारताने भरायची आहे. १९ मार्च २००८ च्या स्फोटाचा प्रकाश ५.३ प्रतीपर्यंत चढला, अंधाऱ्या जागेवरून नुसत्या डोळ्यांना दिसेल इतका, आणि तो सुमारे ७५० कोटी वर्षांचा प्रवास करून आलेला होता. भारतीय वेळेनुसार तेव्हा सकाळचे ११ वाजून ४२ मिनिटे झाली होती. आपल्याकडे लख्ख ऊन होते. चिलीत त्या घडीला रात्र होती आणि तिथल्या रुंद नजरेच्या कॅमेऱ्यांनी तो टिपला.

२०२२ च्या कोजागरीला उलटे झाले. स्फोट सुरू झाला तेव्हा स्विफ्टच्या आड पृथ्वी होती. त्याला ती जागा दिसली आपल्या वेळेनुसार ७ वाजून ४० मिनिटांनी, म्हणजे ५३ मिनिटांनी, आणि तेव्हाही झळाळी इतकी प्रखर होती की गॅमा उपकरण वाजले. जागा आकाशगंगेच्या पट्ट्यात असल्याने आधी वाटले की आपल्याच दीर्घिकेतला एखादा क्ष-किरण तारा भडकला. फर्मीची नोंद जुळवल्यावर खरा प्रकार लक्षात आला. स्विफ्टला ती जागा दिसली त्या घडीला कॅलिफोर्नियात सूर्य उगवलेला, चिलीत सकाळ, कॅनरी बेटांवर दुपार, आणि हानलेच्या आकाशात ती जागा उंचावर, अंधारात. पट्ट्यातल्या धुळीने दृश्य प्रकाश बराच खाल्ला, तरी पुढच्या दिवसांत जगभरच्या दुर्बिणींनी, हानलेच्या दुर्बिणीनेही, मोजमापे जाहीर केली. चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीने साडेअकरा तासांनी वर्णपट घेतला, त्यातून ०.१५१ ही ताम्रसृती निघाली. या स्फोटाला ‘बोट’ हे टोपणनाव पडले, सार्वकालिक सर्वांत तेजस्वी या अर्थाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून.

घंटा वाजवणारा उपग्रह आपला असावा ही पुढची इच्छा, आणि तिचीही पायाभरणी झालेली आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये सोडलेल्या अॅस्ट्रोसॅटवरचे सीझेडटीआय हे उपकरण मुंबईच्या टीआयएफआरने इतर संस्थांसह बांधले आणि त्याच्या माहितीचे केंद्र पुण्यात आयुकात आहे. त्यातही स्विफ्टसारखाच मुखवटा आणि त्याच जातीचे शोधक. पण जास्त ऊर्जेचे किरण उपकरणाच्या भिंती भेदून बाजूंनीही आत शिरतात, त्यामुळे ते न ठरवताच चहूकडे पाहू लागले. ६ ऑक्टोबर २०१५ ला उपकरण सुरू झाले त्याच दिवशी त्याने एक स्फोट पकडला, आणि २२ नोव्हेंबर २०२३ ला सहाशेवा. त्याची माहिती मात्र जमिनीवर उतरल्यावर चाळावी लागते, लगेच घंटा वाजत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी आयआयटी मुंबईच्या पुढाकाराने ‘दक्ष’ हा प्रस्ताव मांडला गेला आहे: एकसारखे दोन उपग्रह, पृथ्वीच्या दोन बाजूंना, म्हणजे एकाच्या आड पृथ्वी आली तरी दुसरा पाहत राहील, आणि स्फोट ओळखून तत्क्षणी कळवील. कोजागरीला स्विफ्टचे जे झाले, नेमका त्यावरचा हा उपाय आहे. तो मार्गी लागावा असे मला मनापासून वाटते.

दृश्य प्रकाश काही दिवसांत, फार तर आठवड्यांत मावळतो. तिथे यंत्रचलित दुर्बिणीचे काम संपते आणि रेडिओ दुर्बिणींचे भरात येते, कारण झोत मंदावतो तसा त्याचा उजेड लांब लहरींकडे सरकतो. जुन्नर तालुक्यातले खोडद कोरेगाव भीमाच्या जवळजवळ सरळ उत्तरेला, पन्नासेक किलोमीटरवर आहे. दोन्हींचा रेखांश इतका जवळ की एकच तारा दोन्ही गावांचे याम्योत्तर वृत्त जवळपास एकाच वेळी ओलांडतो. तिथे गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. २९ मार्च २००३ च्या स्फोटाची रेडिओ झळाळी खोडदहून कित्येक महिने मोजली जात होती. या तबकड्यांना धावपळ करावी लागत नाही, एका स्रोतावर तासन् तास स्थिर राहावे लागते, आणि ढग किंवा दिवस त्यांच्या आड येत नाहीत. तिथे पोचलेले अनेक पत्ते मात्र आधी कुठेतरी एका छोट्या आरशाने पक्के केलेले असतात.